एक मीठ, चार आवाज

आमच्या गल्लीत मामाबद्दल असं बोललं जातं की त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकच भलंमोठं पोतं आहे. सकाळी तो त्यातून खत काढतो, दुपारी त्यातूनच औषध आणि संध्याकाळी त्यातूनच खायचं मीठ. हे सांगताना समोरचा किराणावाला आवाज खाली आणतो, डावा डोळा बारीक करतो आणि शेवटी हात झटकून म्हणतो, "मी काही म्हणत नाही हं. लोक म्हणतात."

लोक म्हणजे तोच.

खरी गोष्ट अशी. मागच्या खोलीत पोतं एक नाही, चार प्रकारचा माल आहे आणि चारही भिंतींना एकेक. एका भिंतीला खताची गुलाबी पोती. दुसरीला लाँड्रीवाल्यांच्या पांढऱ्या गोळ्यांचे ड्रम. पाण्यात चुना जास्त असला की कपडे कडक होतात, म्हणून ते पाणी एका यंत्रातून काढतात आणि त्या यंत्राला हे मीठ खायला लागतं. तिसऱ्या भिंतीला हॉस्पिटलचे सीलबंद खोके, कुलपासकट. चौथीला स्वयंपाकघरातलं 'कमी सोडियमचं' मीठ, पाकिटावर हसणारं लाल हृदय. आता या चारही भिंतींच्या पोटात मूळ वस्तू एकच, पोटॅशियम क्लोराइड, हे अगदी खरं. आणि हे गल्लीला सांगितलं कुणी? मामानेच! त्याला खोटं बोलता येत नाही, आणि खरं थोडक्यात सांगता येत नाही. "मूळ वस्तू एकच" एवढं ऐकून किराणावाला उठला. "पण शुद्धता वेगळी, खतात लोखंडाचा अंश असतो म्हणून ते गुलाबी, औषधाचं तर..." हा पुढचा पाऊण तास ऐकायला तो थांबलाच नाही.

मामा किती सोवळं पाळतो ते मला विचारा. चार भिंतींना चार रंगांची मापं आहेत. एकदा खताचं लाल माप लाँड्रीच्या ड्रममध्ये सापडलं. कुणी टाकलं ते सांगत नाही, पण तेव्हा मी सात वर्षांची होते. मामाने अख्खा ड्रम नर्सरीवाल्याला खत म्हणून देऊन टाकला. त्या वर्षी नर्सरीवाल्याचे टोमॅटो इतके माजले की तो अजून मला बघून म्हणतो, "काय बाई, परत कधी चुकणार?"

माप बदललं की मामाचा आवाजही बदलतो. नर्सरीवाल्याशी तो शेताच्या पलीकडे उभा असल्यासारखा ओरडतो: "मुळाशी नको रे! लांबून! लांबून टाक!" नर्सरीवाला टेबलाच्या पलीकडेच असतो. लाँड्रीच्या मॅनेजरशी पाठ थोपटल्यासारखा घसघशीत आवाज, प्रत्येक वाक्याला "काय साहेब!" हॉस्पिटलच्या फार्मासिस्ट बाईंशी कुजबुज, कारण त्या खोक्यात लहान बाटल्या असतात आणि त्यातलं औषध भरपूर पाण्यात मिसळून, थेंबाथेंबानेच शरीरात जायचं असतं. तसंच टोचलं तर हृदय थांबतं. म्हणून त्या बाई या बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवतात आणि किल्ली गळ्यात घालतात. मामा त्यांच्याशी बोलताना स्वतःच्या शर्टाची वरची बटणंही लावून घेतो. आणि चौथा आवाज घरगुती गिऱ्हाइकांसाठी. हा आवाज पूर्वी सगळ्यात गोड होता म्हणे. आता तो वकिलासारखा आहे.

का ते सांगते. हे मी पाहिलेलं नाही, पण आईकडून, मामीकडून आणि खुद्द शिंप्याकडून तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं आहे.

मामा तेव्हा तरुण होता, मीठ धडाधड विकत होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको आली. शिंप्याला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. तिने पाकीट उलटसुलट केलं, म्हणाली, "हे चालेल ना भाऊ?"

मामा म्हणाला, "चालेल? अहो वहिनी, धावेल!"

शिंप्याची किडनी नीट काम करत नव्हती, हे तिने सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. चांगली किडनी जादाचं पोटॅशियम बाहेर टाकते. शिंप्याची टाकेना. ते रक्तात साचत गेलं. दहाव्या दिवशी शिलाई मशीनच्या पॅडलवरून त्याचा पाय उचलेना. हृदयाचे ठोके लांबले. मामा नेमका त्याच दिवशी खोके पोचवायला हॉस्पिटलात गेला होता. वॉर्डातून ओळखीचा आवाज आला म्हणून डोकावला, तर शिंपी पलंगावर, छातीला तारा. डॉक्टर त्याच्या रक्तातलं पोटॅशियम खाली आणायला धावपळ करतायत. आणि शेजारच्या पलंगावर एक नाच शिकवणाऱ्या बाई. जुलाब-उलट्यांनी त्यांच्या अंगातलं पोटॅशियम इतकं गेलेलं की हातपाय लोळागोळा. त्यांच्या नसेत बाटलीतून ते थेंब थेंब चढवत होते. बाटलीतलं औषध मामाच्याच खोक्यातलं.

दोन पलंगांमध्ये हातभर अंतर. इकडे काढतायत, तिकडे घालतायत. मधे मामा, हातात पावतीपुस्तक.

नर्स म्हणाली, "बाजूला व्हा, नाहीतर कुणाचं काय ते तरी सांगा."

दोघंही वाचले. शिंपी आता एकदम ठणठणीत म्हणता येणार नाही, पण मामाला टोमणा मारण्याइतका नक्कीच आहे. मामाची पँट आखूड करायला घेतली की दर वेळी विचारतो, "चालेल ना भाऊ? की धावेल?"

तेव्हापासून मामा खायचं मीठ विकत नाही, उलटतपासणी घेतो. एक, या घरात जेवणारी माणसं किती? दोन, कुणाला किडनीचं काही? तीन, बी.पी.ची गोळी कुठली, नाव सांगा, रंग नको. (काही गोळ्या शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊच देत नाहीत.) चार, रक्त शेवटचं कधी तपासलं? तिसऱ्या प्रश्नाला निम्मी गिऱ्हाइकं घरी जाऊन गोळी बघून येतो म्हणतात आणि परत येत नाहीत. चौथ्याला उरलेली स्वतःच्या तब्येतीच्या काळजीत पडतात. एक बाई तर पाकीट घ्यायला आल्या आणि मामाच्या गल्ल्याशेजारी बसून रडल्या.

त्यामुळे या वर्षी कंपनीचं पत्र आलं तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. महिनाअखेर खायच्या मिठाची दोनशे पाकिटं खपली नाहीत, तर एजन्सी काढून घेऊ. नुसती मिठाची नाही. चारही भिंतींची.

मामाने पत्र तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. एकोणीस वर्षांची एजन्सी. मामीने एकदाच वाचलं आणि मटकन खाली बसली.

"अहो, म्हणजे तुम्ही घरी बसणार?"

"बघू."

"घरी? दिवसभर? माझ्यासमोर? मी डब्यातून साखर काढली तरी विचाराल, घरात खाणारी माणसं किती!"

ती हसवायला म्हणाली होती, पण कुणी हसलं नाही. मामा उठून मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ ड्रमची झाकणं बसवत राहिला. झाकणं आधीच बसलेली होती.

वीस तारखेपर्यंत पाकिटं खपली एकाहत्तर. मग कंपनीच्या साहेबांचा फोन आला. साहेबांचा आवाज म्हणजे काय सांगू! पहिला शब्द दुसऱ्या मजल्यावरून, शेवटचा गच्चीवरून. "मी स्वतः येतोय! वृद्धाश्रमाची ऑर्डर आहे! दर महिना दीडशे पाकिटं! तुम्ही फक्त शेजारी बसायचं!" वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंना डॉक्टरांनी सांगितलं होतं की सगळ्यांचं मीठ जरा कमी करा. साहेबांनी ते कुठून तरी ऐकलं आणि झडप घातली.

मामीने मला बाजूला घेतलं. "तू जा त्यांच्याबरोबर."

"मी कशाला?"

"ते प्रश्न विचारायला लागले की खोकायचं."

"मामी!"

"जोरात खोकायचं. पहिल्या प्रश्नालाच."

मी हे वाटेत मामाला सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, घशातून बाहेर पडतं. मामा दुखावला. फुटपाथवर थांबून म्हणाला, "म्हणजे मला तोंड बंद ठेवता येत नाही असं तुम्हा सगळ्यांना वाटतं?"

"पाच मिनिटंसुद्धा नाही."

"एकही प्रश्न विचारणार नाही मी आज. एकही! लाव पैज."

"लावली. तू हरलास तर महिनाभर दुकानाचा फोन मी उचलणार. तुझ्या आवाजात."

मामाचा चेहरा पडला. माझा 'मामा' त्याने एकदा दाराआडून ऐकला होता. "आणि तू हरलीस तर महिनाभर कुणाची नक्कल नाही. माझी नाही, मामीची नाही, शिंप्याची नाही. मांजराचीसुद्धा नाही."

मी हसत हसत हो म्हटलं. पैज जिंकल्यातच जमा होती.

वृद्धाश्रमाचं ऑफिस लहानसं होतं. एक टेबल, पंखा, प्लॅस्टिकची फुलं आणि व्यवस्थापक बाईंच्या कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा की त्या खुर्चीत वळल्या की वाद्यवृंद सुरू व्हायचा. टायवाल्या साहेबांनी पाकीट टेबलावर ठेवलं, हृदयाची बाजू वर. बोलले, बोलले, बोलले. बी.पी., हृदय, आरोग्य, भविष्य. भविष्य हा शब्द वृद्धाश्रमात जरा जपून वापरावा, पण साहेबांनी चारदा वापरला.

मग बाई मामाकडे वळल्या. (वाद्यवृंद.) "तुम्ही स्थानिक विक्रेते ना? तुमचं काय म्हणणं?"

मी खोकल्याची तयारी केली. मामाच्या गळ्याची घाटी वर गेली. प्रश्न पार जिभेपर्यंत आला होता, मला दिसत होता. घाटी खाली आली. परत वर गेली. साहेब त्याच्याकडे रोखून बघत होते. मामा घामाघूम.

"मला," मामा म्हणाला, "मला जेवणघर बघायला आवडेल."

प्रश्न नव्हता. मी खोकले नाही.

बाई खूश झाल्या, कारण जेवणघर नुकतंच रंगवलं होतं. जेवणाची वेळ होती. लांब टेबलं, स्टीलच्या वाट्या, सूपची वाफ. बत्तीस जण बसले होते आणि खिडकीपलीकडच्या स्वयंपाकघरात एकच एक पातेलं, आंघोळीला बसता येईल एवढं. मामा एका बाकाच्या टोकाला टेकला, गुडघा धरला आणि म्हणाला, "आई गं. गुडघा."

बस. तेवढंच.

शेजारचे टपाल खात्यातून निवृत्त झालेले काका लगेच वळले. "गुडघा? गुडघ्याचं काय घेऊन बसलात! मला बी.पी.च्या तीन गोळ्या आहेत, तीन!"

"तीनच?" समोरच्या आजी म्हणाल्या. "माझी किडनीच एक आहे. दुसरी बहिणीला दिली. तीस वर्षं झाली, अजून आभार मानत नाही."

"माझ्या दोन्ही आहेत, पण उपयोग काय? डॉक्टर म्हणतात वीस टक्के."

"वीस? माझं बघा..."

आणि मग प्लॅस्टिकचे डबे बाहेर आले. सोमवार-मंगळवारचे खाने असलेले गोळ्यांचे डबे, औषधाच्या पट्ट्या, घडी घालून घालून कापडासारखे झालेले रिपोर्ट. एका टेबलाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते जास्त जोरात सांगत होते. मामा मधे बसून नुसती मान हलवत होता. "अच्छा." "अरे अरे." "बापरे." बापरे म्हटलं की बोलणाऱ्याला पदक मिळाल्यासारखं व्हायचं आणि पुढचा आपला आजार घेऊन सरसावायचा.

मला मामीची आठवण झाली आणि काहीच न सुचून मी खोकले.

"खोकला?" कोपऱ्यातले एक आजोबा म्हणाले. "हा काय खोकला? हा ऐक." आणि ते खोकले. मग त्यांच्या शेजारचे खोकले, कारण त्यांना वाटलं आपला बरा आहे. दोन मिनिटं कुणालाच काही ऐकू आलं नाही. बाईंनी मला चमचाभर औषध पाजलं.

या सगळ्यात एक निवृत्त कंपाउंडर होते. चाळीस वर्षं दवाखान्यात पुड्या बांधलेला माणूस. ते फिरून प्रत्येकाची पट्टी हातात घेत होते, हात लांब करून वाचत होते आणि जाहीर करत होते: "ही पोटॅशियम अडवणारी. ही पण. ही नाही. ही अडवणारी." व्यवस्थापक बाई आधी हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या. बोटं संपली. तरी एक जण उरला, तेव्हा त्यांनी पदराला गाठ मारली.

"अकरा," बाई म्हणाल्या. "साहेब, अकरा जणांना हे चालणार नाही."

"उरलेल्यांना तर चालेल!" साहेब गच्चीवरून.

बाईंनी खिडकीकडे हात केला. तिथे आचारी पळी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "पातेलं एकच आहे, साहेब."

मला वाटतं, मामाची एजन्सी त्या क्षणी गेली. त्यालाही तसंच वाटलं असणार, कारण त्याने डोळे मिटले. पण त्याच्या चेहऱ्यावर एक गंमत होती. पोळलेल्या जिभेवर थंड पाणी पडल्यासारखी.

साहेब त्याच्यावर उखडले. "तुम्ही काहीच बोलत कसे नाही?"

"तसं नाही, साहेब. मी तर गुडघ्याबद्दल बोललो."

तेवढ्यात कंपाउंडर साहेबांपाशी पोचले होते. त्यांना वाटलं हेही नवीन रहिवासी. "तुमची दाखवा."

"माझी काय?"

"गोळी हो. टाय घातला म्हणून गोळी चुकते का?"

साहेबांनी काय केलं असेल? खिशातून पट्टी काढून दिली. गोळ्यांचा डबा उघडण्याची साथच आली होती त्या खोलीत, टायवाल्यालाही लागली. कंपाउंडरनी हात लांब केला. वाचलं.

"हं."

नुसतं हं. पण चाळीस वर्षांच्या अनुभवाचं हं. साहेबांनी टाय सैल केला. "काय झालं?"

"आणि घरी मीठ कुठलं खाता?"

"हेच. कंपनी देते. दरमहा दोन पाकिटं."

"हंऽऽ." हा दुसरा हं पहिल्यापेक्षा एक पायरी खालचा. त्यानंतर साहेब भविष्याबद्दल काहीही बोलले नाहीत. पाकिटं तशीच गाडीत गेली.

घरी मामी दारातच उभी. "विकलं?"

"नाही."

"म्हणजे विचारलंत!"

"एकही नाही! विचार हिला."

मामीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून हो म्हटलं. मामीला रागावायला कुणीच सापडेना. शेवटी ती पंख्यावर रागावली, फार आवाज करतो म्हणून.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. मामा रोज दुकान उघडून हॉस्पिटलचे खोके मोजायचा. फार्मासिस्ट बाईंना पुढचा माल कोण देणार, त्या माणसाला किल्लीचं कपाट माहीत असेल का, हेच त्याच्या डोक्यात. मामी त्याला एकदाही टोचून बोलली नाही, ते जास्त भयंकर होतं. वृद्धाश्रमातून मात्र रोज फोन. एकाला नवी गोळी लागली, दुसरीची बंद झाली, मामाला सांगायचंच होतं. मामी म्हणाली, "धंदा शून्य आणि फोन तीस."

नवव्या दिवशी साहेबांचा फोन आला. मामाने स्पीकर लावला. आम्ही तिघंही भोवती.

"माझं रक्त तपासलं!" गच्चीवरूनच. "सगळं नॉर्मल! त्या कंपाउंडरला सांगा! आठ दिवस झोपलो नाही मी! नॉर्मल! डॉक्टर म्हणाले मीठ तेवढं बदला, बाकी नॉर्मल!"

"फार छान झालं, साहेब," मामा म्हणाला. त्याला मनापासून आनंद झाला होता.

आणि मग तोच आवाज जिन्यावरून उतरायला लागला. एकेक पायरी. तळमजल्यावर आला, तिथून तळघरात. "तुमच्या एजन्सीचं... मी रिपोर्टात लिहिलंय की चालू ठेवावी. मिठाचं टार्गेट नको म्हणून. विक्रेता माहितगार आहे, असं लिहिलंय." साहेब खाकरले. "अं... माझ्या आईचं विचारायचं होतं. ती पण हेच मीठ खाते. मीच देतो."

मामाने खुर्ची ओढली, चष्मा लावला, पेन घेतलं.

"साहेब, घरात जेवणारी माणसं किती?"

मामी भिंतीला टेकून हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. फोन पस्तीस मिनिटं चालला. आणि मी! गच्चीपासून तळघरापर्यंत उतरलेला असा आवाज जन्मात एकदा ऐकायला मिळतो. तो माझ्या घशात तयार होता, अगदी पायरीपायरीने. फोन ठेवल्या ठेवल्या मामीच म्हणाली, "करून दाखव ना गं!" मी तोंड उघडलं.

मामाने चष्म्यावरून बघितलं आणि बोट वर केलं. "महिनाभर. मांजराचीसुद्धा नाही."

अजून एकवीस दिवस आहेत. लिहायला बंदी घालायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.